आजोबांच्या बिडीचा दाखला

महोदय,

टपरीवर कटिंगसोबत सिगारेट पेटवणाऱ्याला टोकलं, की उत्तर ठरलेलं : 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिड्या ओढत होते, काही झालं नाही.' घराण्याचं रक्तच कणखर, असा त्यामागचा हिशेब. जनुकं साथ देतात हे खोटं नाही, पण धूर ती साथही कमी करतो. 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास आला होता. पंधराव्या गुणसूत्रावर, 'एडीएएमटीएस-७' या जनुकापाशी असलेला एक बदल हृदयविकारापासून काहीसं संरक्षण देतो. कधीच धूम्रपान न केलेल्यांत त्यामुळे धोका १२ टक्क्यांनी कमी दिसला. धूम्रपान करणाऱ्यांत किंवा पूर्वी केलेल्यांत मात्र जेमतेम ५ टक्क्यांनी. म्हणजे वाडवडिलांच्या ठेवीतला निम्म्याहून जास्त वाटा धुरात गेला!

शिवाय नातवाकडे एका आजोबांची साधारण पाव हिस्साच जनुकं येतात. त्यात नेमकी उपयोगाची आली, हे कोणी तपासलंय? आणि आजोबांसोबत पारावर बिडी ओढून पन्नाशीतच गेलेल्यांचा दाखला कोणीच देत नाही.

कंपन्यांच्या आरोग्य तपासणीत 'वडिलांना हृदयविकार?' आणि 'धूम्रपान?' हे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींत 'होय' लिहिणाऱ्या तरुणाला डॉक्टरांनी समोर बसवून दोन मिनिटं बोलावं, एवढी तरी सक्ती व्हावी.

– एक वाचक, पुणे