अंतर्वस्त्रांच्या दुकानात मापाची टेप हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्या विषयावर हे पत्र लिहीत आहे, त्याचा आणि वर्तमानपत्राचा आजवरचा संबंध एवढाच की दुकानदार ते खोके जुन्या अंकाच्या पानात गुंडाळून, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने आम्हा बायकांच्या हाती ठेवतो. विषय ब्रेसियरचा आहे. फोंड्यात गेली २६ वर्षे मी ब्लाऊज शिवते आणि दुपारी शिवणवर्ग घेते. ब्लाऊज नीट बसत नाही अशी तक्रार घेऊन बाई परत येते, तेव्हा चूक कधी माझ्या कात्रीची असते हे मी नाकारत नाही. पण पुष्कळदा ती आतल्या ब्रेसियरची असते, आणि हे समोरच्या बाईला सांगण्याचा धीर मला बरीच वर्षे होत नव्हता. आता केस पिकल्यामुळे होतो.

गेल्या वैशाखात एक मुलगी आईबरोबर लग्नाचे ब्लाऊज शिवायला आली. “हिची छाती अंमळ उतरती आहे, जरा वर उचलून शिवा,” असे आईने मुलीच्या देखत सांगितले आणि मुलगी जमिनीकडे पाहू लागली. माप घेताना पाहिले, तर ब्रेसियरचा मागचा पट्टा पाठीवर पार खांद्याच्या पात्यांपर्यंत चढलेला होता, खांद्यांवर पट्ट्यांचे तांबडे वळ उठले होते आणि तारेचे टोक बगलेखाली रुतून तिथली कातडी काळवंडली होती. चिठ्ठीवर माप होते ३८ सी. मी छातीच्या खाली, बरगड्यांवर टेप लावली. घेर भरला ३० इंच. भर छातीवर भरला ३७ इंच. मुलीचे अंग मुळीच उतरते नव्हते. तिला कोणी कधी मोजलेच नव्हते.

ती ३८ वर कशी पोहोचली हे सांगितले की सगळा घोटाळा ध्यानात येतो. ब्रेसियरच्या मापात एक आकडा असतो आणि एक अक्षर. आकडा छातीखालून फिरणाऱ्या पट्ट्याचा आणि अक्षर कपाचे, म्हणजे भर छातीचा घेर छातीखालच्या घेराहून किती इंच जास्त आहे त्याचे. एक इंच जास्त असेल तर ए, दोन असतील तर बी, तीन असतील तर सी, चार असतील तर डी आणि त्यापुढे इंग्रजी पद्धतीने डीडी, ई, एफ असे वाढत जाते. अक्षरांची ही रीत १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. त्या जमान्यात कापड ताणत नसे, म्हणून छातीखालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून पट्ट्याचा आकडा काढण्याची पद्धत पडली. पुढे ताणणारे कापड आले, तरी ती बेरीज पुष्कळ कंपन्यांच्या तक्त्यांत तशीच राहिली. काही कंपन्यांनी मात्र ती सोडून दिली. म्हणून माझ्या या मुलीचे माप एका तक्त्याप्रमाणे ३० अधिक ४, म्हणजे ३४, आणि ३७ मधून ३४ वजा जाता उरले तीन, म्हणून ३४ सी येते. दुसऱ्या तक्त्याप्रमाणे ३० चा पट्टा आणि फरक सात इंचांचा, म्हणून ३० एफ येते. एकच अंग, एकच टेप, आणि मापे अशी, की एका खोक्यातला कप दुसऱ्या खोक्यातल्या कपाहून पुरा दोन अक्षरांनी लहान. काही देशी खोक्यांवर ३४ च्या शेजारी ८५ सेंटिमीटर असेही छापलेले असते. युरोपात बहुतेक ठिकाणी हेच माप ७५ म्हणून विकतात, कारण तिथे तो आकडा खरोखरच छातीखालच्या घेराचा असतो. आपल्याकडच्या ८५ ने अंगावर नेमके काय मोजायचे, ते मला इतक्या वर्षांच्या शिवणकामानंतरही सांगता येणार नाही.

दुकानात तिला आधी ३४ सी मिळाली. त्यातून छाती वरून बाहेर येऊ लागली, तेव्हा विक्रेत्याने ३६ दिली, मग ३८ दिली, कारण त्याच्यापाशी अक्षर वाढवण्याची सोयच नव्हती. फळीवर सीच्या पुढे काही नव्हते. गंमत अशी की आकडा एक घर वाढला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. ३० एफ, ३२ ई, ३४ डीडी, ३६ डी आणि ३८ सी या पाचही मापांत कपाची जागा जवळपास सारखीच असते. म्हणजे तिला कप अगदी बरोबर मिळाला होता, फक्त तो तिच्याहून पुष्कळ रुंद बाईच्या पट्ट्यावर शिवलेला होता. पट्टा सैल झाला की सगळे ओझे खांद्यांवर येते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर वाट सरते, तीच गळ्याला धरून हातात लोंबकळत नेली तर बोटे काचतात; ब्रेसियरचेही तसेच आहे. स्तनाला स्वतःचा स्नायू नसतो. वरची कातडी आणि आतले काही तंतू एवढ्याच आधारावर तो असतो, म्हणून बाहेरून मिळणारा आधार बरगड्यांभोवती घट्ट बसलेल्या पट्ट्यानेच द्यायचा असतो. खांद्यांवरच्या पट्ट्या कप जागेवर धरण्यापुरत्या.

आता आपल्याकडचा बाजार पाहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ब्रेसियर भर उन्हात दोरीवर टांगलेल्या असतात आणि विकणाऱ्याला अथवा घेणारीला त्याची काही लाज वाटत नाही, हे मला एका परीने आवडते. पण तिथे नुसता आकडा असतो, अक्षर नसतेच. मडगाव, फोंडा, डिचोलीच्या दुकानांत बी आणि सी मिळते, बत्तीस ते चाळीसपर्यंत. त्यापलीकडे मागितले की काउंटरमागचा मुलगा आपल्या छातीकडे एक ओझरती नजर टाकतो आणि सांगतो, “बाये, तुजें माप ना.” ‘आमच्याकडे ते माप नाही’ आणि ‘तुझे मापच नाही’ या दोन्हींसाठी कोकणीत हेच एक वाक्य चालते, आणि ऐकणाऱ्या बाईला त्यातले दुसरेच ऐकू येते. पणजी-पर्वरीच्या मॉलमध्ये थोडी जास्त मापे मिळतात आणि घालून पाहायला खोलीही असते. पण सत्तरीतल्या किंवा काणकोणच्या बाईने एका ब्रेसियरसाठी दिवस मोडून, दोन बसगाड्या बदलून पणजी गाठावी आणि तिथेही नकार ऐकावा, हे काही बरे नाही. ऑनलाइन मागवावे, तर अंतर्वस्त्रे परत घेत नाहीत असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. आमच्या घरात अशा तीन न बसणाऱ्या ब्रेसियर पडून होत्या. त्यांचे हूक काढून घेऊन मी ब्लाऊजना लावले.

अवघड अंग म्हटले की लोकांना थोराड बाईच आठवते. माझ्या वर्गात येणाऱ्या कॉलेजच्या मुलींपैकी काहींच्या बरगड्यांचा घेर २६ इंचांच्या आसपास असतो. त्यांना दुकानातले सर्वांत लहान माप देखील पिशवीसारखे होते आणि वर त्यांना लहान मुलींच्या विभागात पाठवले जाते. काही बायकांची पाठ रुंद आणि छाती लहान असते. त्यांना ४० चा पट्टा घेतला की कप रिकामा राहून ब्लाऊजमध्ये चुण्या पडतात. दोन्ही बाजू सारख्या नसणे ही तर अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे, पण प्रत्येकीला वाटते की हे आपल्या एकटीचेच आहे. अशा वेळी मोठ्या बाजूचे माप धरून घ्यावे आणि लहान बाजूला आत पातळ पॅड द्यावे. खांदा आखडलेल्या वयस्क बाईला मागचे हूक लावता येत नाहीत. तिला पुढे उघडणारी हवी, आणि ती मोठ्या मापात शोधणे म्हणजे दिवसभराचे काम.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेली एक बाई मी विसरू शकत नाही. तिने रिकाम्या बाजूला कापसाची पुरचुंडी भरली होती आणि नुसता कापूस हलका पडून ती बाजू वर सरकते म्हणून त्यात मूठभर तांदूळ घातले होते. जूनमध्ये त्या तांदळांना सोंडे लागले. मी तिला मलमलचा आतला खिसा शिवून दिला. पुढे तिला वजनाचे सिलिकॉनचे पॅड मिळाले, ते त्या खिशात बसते. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही स्तनतपासणीची मोहीम आपल्या राज्यात २०२१ मध्ये सुरू झाली आणि सरकारी व्यासपीठावरून हा शब्द मोकळेपणाने उच्चारला गेला, याचे मला समाधान आहे. त्याच तपासणीच्या जागी एखाद्या परिचारिकेने पाच मिनिटे देऊन माप कसे घ्यावे आणि शस्त्रक्रियेनंतर काय वापरावे हे सांगितले, तर वेगळा खर्च पडणार नाही.

किमतीविषयी थोडेच लिहिते. मोठ्या मापाला कापड जास्त लागते, पट्टा रुंद लागतो, हुकांच्या रांगा वाढतात, म्हणून ती महाग असते हे मला शिवणारी म्हणून कळते. पण ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने डीडी आणि त्यापुढच्या मापांवर घेतले जाणारे दोन पौंड जादा २००९ साली, गिऱ्हाइकांनी मोहीम चालवल्यावर, बंद केले होते. आपल्याकडे हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी असल्याने केवळ मापामुळे हजार ओलांडणाऱ्या ब्रेसियरला जादा कर पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली, तेवढा एक जाच कमी झाला.

आमच्या आयांच्या वेळी हा प्रश्न इतका नव्हता. शिंपी किंवा घरचीच कोणी पांढऱ्या सुती कापडाची बॉडी शिवून देत असे, पुढे बटणे, खाली रुंद पट्टी, आणि ती जिची तिच्याच मापाची. दिसायला ओबडधोबड, पण आमच्या या घामट हवेत छातीखाली चिकटा आणि खाज व्हायची नाही. मग तयार माल आला आणि अंगाने खोक्याच्या मापात बसायचे अशी रीत झाली. मी स्वतः ब्रेसियर शिवून देत नाही, कारण ताणणारी जाळी आणि तार यांचे काम माझ्या साध्या मशीनवर सफाईने होत नाही. सैल पट्टा मागून दोन इंचांपर्यंत आवळून देते. त्याहून जास्त आवळला तर कप बगलेकडे ओढले जातात आणि खांद्याच्या पट्ट्या सुटून पडतात, त्यामुळे ३८ ची ३० करून द्या म्हणणाऱ्यांना मला नाही म्हणावे लागते.

घरी माप घेणाऱ्यांनी टेप छातीखाली सपाट, पाठीवर सरळ आणि श्वास सोडून घट्ट लावावी, भर छातीवर मात्र सैलसर. नवीन ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे लवचीकपणा गेल्यावर आत सरकायला जागा उरते, आणि आपल्या पावसाळ्यात तो लवकर जातो. पट्टा बरोबर आहे का हे पाहायचे असेल तर ब्रेसियर उलटी, कप पाठीकडे करून लावावी. रिकामी असताना पट्टा घट्ट वाटला नाही, तर भरल्यावर तो धरणार नाही.

दुकानदारांकडे माझे मागणे फार नाही. काउंटरवर एक टेप आणि माप घेणारी एक बाई असावी, पडदा लावून का होईना घालून पाहायला एक कोपरा असावा आणि नसलेले माप वहीत लिहून घेऊन आठ दिवसांत मागवून द्यावे. साडीच्या दुकानात हवा तो रंग असाच मागवून मिळतो. कंपन्यांनी खोक्यावर छातीखालचा खरा घेर सेंटिमीटरमध्ये छापावा. आणि आपण, संपादक महोदय, महिलांच्या पुरवणीत पाककृतींच्या शेजारी अर्धे पान या मापाच्या तक्त्याला द्यावे, अशी विनंती आहे.

त्या मुलीला शेवटी ३२ ई मिळाली. ३० चा पट्टा गोव्यात कुठेच नव्हता, म्हणून जवळचे माप घेतले आणि पट्टा मी दीड इंच आवळून दिला. ती घालून ती ब्लाऊजच्या फिटिंगला आली, तेव्हा आधीच्या मापाने घातलेले टक सव्वा इंच खाली पडले होते. सगळे अस्तर उसवून मला ते ब्लाऊज पुन्हा कापावे लागले. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

आपली विश्वासू,
एक शिवणशिक्षिका, फोंडा