रे रोडचं गोदाम

काळाचौकी, मुंबई

प्रिय अन्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो आणि दिवाळीही उलटली. रागावला असशील, हक्क आहे तुझा. पाठ तशीच, बीपी गोळीवर, आई बरी आहे. आज लिहायला बसलो कारण रे रोडचं गोदाम पाडायचं घाटतंय, आणि ते मला का बोचतंय हे तुला समजावून सांगावं लागणार नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-१ शेरा आलाय, म्हणजे धोकादायक, पाडण्याजोगी इमारत. अहवाल वाचला तर काँक्रीटचा कणखरपणा मोजायचा हॅमर थेट प्लास्टरवर मारलेला. तळमजल्याच्या कॉलमचं कव्हर, सळईवरचा काँक्रीटचा थर, आधीच सुटून पोकळ वाजतं, तिथे आकडा पडणारच. हाफ-सेल, म्हणजे सळईचा गंज विजेच्या दाबावरून जोखायची चाचणी, घेतलंय जुलैत, सगळं ओलं गच्च असताना. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला की गंजाची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात. पण पाणी प्यालेल्या काँक्रीटमध्ये सळईपर्यंत ऑक्सिजनच पोचत नाही, त्यामुळे गंज नसला तरी आकडा खाली जातो. काँक्रीटचा आतला नमुना काढलेला कोअर एकही नाही, काँक्रीटचा अल्कलीपणा टिकलाय का हे दाखवणारं फिनॉल्फथॅलिन नाही, सळई गंजवणाऱ्या क्लोराइडची तपासणी नाही. एवढ्यावर चार मजल्यांचा सांगाडा मोडीत काढायचा?

हिशेब मांडलाय, तू तपास. तळ अधिक तीन, मजल्याला ६०० चौरस मीटर, म्हणजे एकूण २४००. चौरस मीटरला ०.४५ घनमीटर धरलं तर काँक्रीट १०८० घनमीटर. ते फोडलं की डेब्रिज २६०० टन, १० टनी डंपरच्या २६० खेपा, विटा वेगळ्याच. तेवढंच नवं बांधायला सिमेंट ३७८ टन, सळई १०८ टन. सिमेंटच्या टनामागे ०.८ आणि पोलादाच्या टनामागे २ टन कार्बन डायऑक्साइड धर, ५०० टनांच्या पुढे जातं. उलट तळमजल्याचे ३५ कॉलम ४५० मिमीचे ६५० केले, चारी बाजूंनी १०० मिमी जॅकेट, तर नवं काँक्रीट जेमतेम ३२ घनमीटर लागतं.

संस्थेला मुलींचं वसतिगृह हवंय, आणि गंमत म्हणजे या इमारतीला तोच वापर सर्वांत सोसणारा आहे. गोदामाचे स्लॅब चौरस मीटरला ७५० किलोंसाठी काढलेले, राहत्या खोलीला २०० पुरतात. हा फरक हीच आपली शिल्लक, आणि ती संडास-मोऱ्यांत उडवायची भीती आहे. ठेकेदार ३०० मिमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचं म्हणतोय. तो एकटाच ५४० किलो झाला! हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकचा भराव केला तर १८० वर येतं. ११० मिमीचा पाइप ६ मीटर न्यायचा तर १:६० उतारानं १०० मिमी पडतो, म्हणून मोरी ३०० मिमी उचलावीच लागते. उंची ४.२ मीटर असल्यामुळे ते जमतं. (तू परीक्षेत १:६ लिहून आला होतास. सरांनी विचारलं होतं, संडास की घसरगुंडी?) मोऱ्या एकाखाली एक, बाहेरच्या भिंतीलाच हव्यात, म्हणजे बीमला कोणी भोक पाडणार नाही.

उजेड ही दुसरी अडचण. इमारत आतपर्यंत २० मीटर खोल, खिडकीचा माथा ३ मीटरवर. दोन्हीकडून सहा-सात मीटर उजेड येतो, मधला पट्टा काळोखा. मधल्या एका ५ बाय ५ मीटरच्या खणातला स्लॅब कापून चौक काढावा असं मनात आहे. बीम ठेवायचे. पण एक खण गेला की शेजारच्या स्लॅबचा सलगपणा तुटतो आणि त्यांच्या मध्यावरचा ताण वाढतो, तो आधी मोजायला हवा. टेकू लावल्याशिवाय हात लावायचा नाही. ब्रेकरही नको, डायमंड सॉनेच कापायचं. हादऱ्यांनी जुन्या भेगा उघडतात.

जिन्याचं मात्र तू म्हणशील तसं. डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हा आपण दोन महिने बोललो नव्हतो. तू म्हणालास, जुन्या गिरणीत माणसं कोंबणं हाच गुन्हा. मी गच्चीवरच्या पेटत्या छपरावर बोट ठेवत राहिलो. छपराबद्दल अजून तेच म्हणेन, पण बाहेर पडायच्या वाटेबद्दल तुझं बरोबर होतं आणि मी ते तेव्हाच कबूल करायला हवं होतं. गोदामाला जिना एकच. दुसरा लोखंडी, समोरच्या टोकाला, स्वतःच्या पायावर उभा. जुन्या पायावर किलोभरही नाही.

खरी झोप उडवतंय ते क्लोराइड. पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत कमी निघालं तर ते खाऱ्या हवेतून आलंय, निस्तरता येईल. पण १९६४ साली मचूळ पाण्यानं काँक्रीट कालवलं असेल तर ७५ मिमी आतही तेच निघेल. मग पॅच मारून उपयोग नाही. पॅच शाबूत राहतो आणि त्याच्या कडेची जुनी सळई आणखी जोरात गंजते. घनमीटरला ०.६ किलोच्या फार वर आकडे आले, तेही सगळ्या मजल्यांवर, तर पाडा असं मीच लिहून देईन. पण आकडे बघून.

नाशिकच्या घराचं प्लंबिंग झालं का? श्रेयाची बारावी यंदाच ना? वहिनींना सांग, चिवडा पोचला आणि संपलाही.

संस्थेची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. कोअर मशीन शनिवारी लावतोय, मजल्याला किमान तीन कोअर. शुक्रवारी रात्री ये, झोपायला इथेच. काँक्रीटमधली सळई शोधणारा तुझा कव्हर मीटर आण. इथला भाड्याचा १० मिमीच्या रिंगा दाखवतच नाही, आणि कोअर काढताना सळई कापलेली मला चालणार नाही.

तुझा,
बाळ्या