पुरानंतर रंगकामाची घाई नको

महोदय,

पूर ओसरला की घर लवकर पूर्ववत दिसावे म्हणून भिंती रंगवून घेण्याचा मोह होतो. आम्हीही तेच केले आणि दोन महिन्यांतच रंगाचे पापुद्रे सुटून पाण्याच्या खुणेखाली पांढरे क्षार फुलले. विटांत मुरलेले पाणी सुकायला कित्येक आठवडे, जाड भिंतींत तर महिने लागतात, म्हणून आधी गाळ काढून, फुगलेला गिलावा खरवडून दारे-खिडक्या उघड्या ठेवणे हेच खरे काम. आमच्या स्विचबोर्डच्या पेटीत बोटभर गाळ निघाला. जाणकाराने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते. घरदुरुस्तीच्या मदतीची मुदत ठरवताना शासनाने भिंती सुकण्याचा हा काळ जरूर धरावा.

– एक पूरग्रस्त वाचक