गोठ्याला सिमेंट मारायच्या आधी एवढं वाचा

प्रिय आई-बाबा,

परवा बाबा फोनवर म्हणाले ना, दिवाळीच्या आधी गोठ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतो म्हणून, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर नीट सांगता येत नाही, रेंज जाते नाहीतर दारात कोणीतरी येतं, म्हणून लिहितेय.

इथे वेल्समध्ये, समुद्राकाठच्या आबेरायरन गावाजवळ लानेरखायरन म्हणून एक जुनी इस्टेट आहे, तिकडे आम्ही जाऊन आलो. बंगला 1790 च्या दशकातला, जॉन नॅशने बांधलेला, म्हणजे ज्याने पुढे लंडनला बकिंगहॅम पॅलेसचं काम केलं तोच. लोक बंगला बघायला येतात पण मी मागच्या अंगणात गेले ती तिथेच रमले. चौकाच्या कडेने दूधदुभत्याची खोली, कपडे धुवायची, बीअर बनवायची, मांस खारवून ठेवायची, आणि त्याच्या पलीकडे शेतीचा सगळा पसारा, तबेले, गाड्यांच्या शेड, मळणीचं कोठार. दगडी भिंती आणि वर स्लेटचं छप्पर. घरातलं खाणंपिणं बहुतेक सगळं या आवारातच तयार व्हायचं. आई, तुला ती दुधाची खोली फार आवडली असती. आणि बाबा, तुम्ही तबेल्यातून बाहेरच आला नसता.

खरं सांगू, शेवटचे मालक 1989 मध्ये वारले आणि त्यांनी हे सगळं नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेच्या नावावर केलं, तर ट्रस्टने नुसता बंगला चकाचक करून बाकीचं पडू दिलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं. पण ज्या आवारात गडीमाणसं राबली तेही तितक्याच मायेने सांभाळलंय, मला ते फार मोठं वाटलं.

आता मुद्द्याचं. इथल्या अशा जुन्या भिंतींच्या दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरतात, सिमेंट लावत नाहीत. दगडी भिंत जमिनीतून, पावसातून ओल घेतेच, ती चुन्यातून हळूहळू बाहेर निघून वाळते. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, लोणा लागतो, आणि आतला मातीचा सांधा भिजून मोकळा होत जातो, वरून मात्र भिंत दोन-चार वर्षं टणक दिसते. आपल्या गोठ्याची मागची भिंत आजोबांनी मातीतच रचलीय ना, काळा दगड आणि माती? मग तिला तर हे अजिबात नको. गव्हाणीच्या मागे जिथे पोपडे आलेत तिथेच आत्ता ओल आहे, आधी वरच्या पन्हाळीचं पाणी तिथे पडतंय का ते बघा.

आणि चुना म्हणजे गरिबाचं काम असं समजू नका बाबा. या किनाऱ्यावर चुनखडीच नाही, तरी जुन्या काळी ती दक्षिणेकडून जहाजाने आणून समुद्राकाठच्या भट्ट्यांत भाजायचे, शेतातली आंबट माती सुधारायला आणि बांधकामाला. आबेरिस्टविथहून येताना लानरिस्टुडला त्या भट्ट्या अजून उभ्या आहेत, जाडजूड दगडी, खाली राख आणि चुना काढायला कमानी. एवढी खटपट लोकांनी उगाच नाही केली.

तर गवंड्याला सध्या थांबवा. वाईकडे जुन्या वाड्यांची आणि देवळांची कामं करणारे कोणी माहितीतले असतील तर विचारून बघा, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली मळलेला चुना वापरणारा माणूस मिळाला तर उत्तमच. पैसे जास्त लागले तर मी पाठवते, त्याची काळजी करू नका. आणि भिंतीचे जवळून फोटो काढून पाठवा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून.

आई, बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. रविवारी फोन करते.

तुमची,
मनू