खेळातला कट आणि भाड्याने नेलेली माणसे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका पालकांनी अशी तक्रार मांडली होती की, सुटीत गावी आलेली महाविद्यालयीन मुले रात्र रात्र जागून एखाद्या देशाचे सरकार उलथून टाकण्याचा खेळ खेळतात, त्यातून त्यांच्या मनावर कटकारस्थानाचे संस्कार होतात आणि म्हणून असे खेळ बंद व्हायला हवेत. मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका गावचा निवृत्त इतिहास शिक्षक आहे. मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेची, गर्दी ओसरल्यावर हाच खेळ माझ्या ओसरीवर माझा भाचा आणि त्याचे चार मित्र चार रात्री खेळले आणि मी चारही रात्री शेवटपर्यंत बसून तो पाहिला. त्या पालकांची काळजी मी समजू शकतो. पण त्यांनी काळजीचे जे कारण दिले आहे ते मला पटत नाही. मला वाटणारी काळजी वेगळी आहे आणि ती सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या खेळात पट नसतो आणि सोंगट्याही नसतात. प्रत्येक मुलाने एक पात्र घ्यायचे, त्या पात्राच्या तोंडून बोलायचे आणि काही अवघड काम करायचे ठरवले की वीस पैलूंचा फासा टाकून ते साधले की नाही ते पाहायचे. एक जण सूत्रधार असतो. बाकी सगळे जग तो सांभाळतो. माझ्या ओसरीवरच्या खेळात एक माजी सैनिक होता, एक वैमानिक, एक दुभाषी आणि एक कुलपे उघडण्यात तरबेज असलेला चोर. एका धनाढ्य व्यापाऱ्याने त्यांना एका लहानशा बेटाचा राजा हटवण्याची सुपारी दिली. मुलांनी बोट कोणती घ्यायची, हत्यारे कशात लपवायची, राजवाड्याचा पहारा कधी बदलतो याची आखणी करण्यात पहिली पूर्ण रात्र घालवली. दुसऱ्या रात्री ती सगळी मंडळी धक्क्यावर उतरली, जकातीच्या कारकुनाने एक पिशवी उघडायला सांगितली, फाशावर तीन पडले आणि पहिल्या रात्रीच्या आखणीतले काहीच उरले नाही.

मी तेव्हा मुलांना थांबवून सांगितले की, हे असेच खरोखर घडले आहे. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी माइक होअर या नामांकित भाडोत्री सैनिकाने चाळीसहून अधिक माणसे घेऊन सेशेल्स या हिंदी महासागरातील बेटांच्या देशात सत्तापालट करण्याचा घाट घातला. बिअर पिणाऱ्यांच्या एका क्लबाची सहल असे सोंग घेऊन ही मंडळी विमानाने माहे बेटावर उतरली. बंदुका सामानाच्या तळाशी होत्या आणि वर मुलांची खेळणी होती. सीमाशुल्काच्या कर्मचाऱ्याला एका बॅगेत बंदूक सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. त्याच सुमारास मुंबईला निघालेले एअर इंडियाचे विमान तिथे उतरले, ते या लोकांनी ताब्यात घेतले आणि दक्षिण आफ्रिकेतील डर्बानला पळवले. होअरला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या कटामागे दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन वर्णद्वेषी राजवटीतील काही यंत्रणा होत्या हेही नंतर उघड झाले, तेव्हा तो सर्वस्वी खासगी होता असे म्हणता येत नाही. भाच्याने विचारले, "मामा, म्हणजे त्या विमानात आपले लोक होते?" होते, असे मी सांगितले. त्यानंतर मुले बराच वेळ फाशाला हात लावेनात.

हे साम्य योगायोगाचे नाही. या खेळांचा इतिहास पाहिला तर त्यांच्या मुळाशीच सत्तापालट आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने युद्धाच्या खेळात एक बदल केला: खेळाडूंच्या हाती सैन्ये देण्याऐवजी एका गावातील एकेक व्यक्ती आणि तिचा एकेक हेतू दिला. त्याने पुढे याच पद्धतीचा एक खेळ लॅटिन अमेरिकेतील एका काल्पनिक प्रजासत्ताकात रचला, जिथे सरकार कोसळण्याच्या बेतात आहे आणि प्रत्येक जण आपापला डाव खेळतो आहे. त्यात खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि त्यातून आजची ही सगळी परंपरा वाढली. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळात तर पात्र तयार करतानाच ते बहुधा सैन्यातून किंवा नौदलातून बाहेर पडलेले असते, हाती थोडे पैसे असतात, पोट भरण्याचे साधन नसते आणि मग त्याला काम देणारा एखादा श्रीमंत आश्रयदाता भेटतो. प्रत्यक्षातले कट याच सामग्रीवर उभे राहतात. फ्रान्सच्या बॉब देनारने १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत कोमोरोस या एकाच बेटसमूहात चार वेळा सत्तेची उलथापालथ घडवली किंवा तसा प्रयत्न केला आणि शेवटच्या वेळी तर तो जेमतेम तीसेक माणसे घेऊन रबरी होड्यांतून किनाऱ्याला लागला होता. मूठभर माणसे, एक पैसेवाला आणि एक लहान देश एवढे जुळले की राज्य हाती येते, असा विश्वास खेळणाऱ्याला गंमत म्हणून हवा असतो. देनारला तो व्यवसाय म्हणून हवा होता.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात थकलेल्या पगाराच्या तक्रारीचे निमित्त करून गारदी शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' कोणी केला याची आख्यायिका आपण सगळे सांगतो. तिला कागदोपत्री आधार किती, हा वादाचा विषय आहे. पण पैसे घेऊन लढणाऱ्यांच्या हातून घरातल्याच माणसाने गादी मिळवू पाहिली आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले, हा भाग निर्विवाद आहे. आपल्या नागपुरात १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. तिच्यानंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांना शरण गेले, तरी त्यांच्या पदरचे अरब शिपाई शहर सोडीनात आणि डिसेंबरअखेर अटी मान्य करून घेतल्यावरच ते बाहेर पडले. गारदी आणि अरब हे शब्द आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो, पण ती माणसे कोणत्या गावची होती, मागे कोण ठेवून आली होती, हे मीही इतक्या वर्षांत कधी वर्गात विचारले नाही.

माझी खरी काळजी इथे आहे. जुन्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांत खेळाडूंना भाल्याने लढणारी, ओझी वाहणारी माणसे रोजाने ठेवता येतात. त्यांची मजुरी ठरलेली असते आणि संकटात ती टिकतील की पळतील हे फासा ठरवतो. ओसरीवरच्या मुलांनीही अशी बारा माणसे ठेवली होती. एकालाही नाव नव्हते. धक्क्यावर गोळीबार झाला तेव्हा पहिले तेच बारा जण मेले आणि त्यांची मजुरी वाचली म्हणून एका मुलाने हिशेबाच्या वहीत ती रक्कम परत जमा केली. तो मुलगा मनाने चांगला आहे आणि मी त्याला दोष देत नाही. नियमच तसा होता.

आता याच्याशेजारी ७ मार्च २००४ हा दिवस ठेवा. त्या दिवशी झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील विमानतळावर एक बोइंग ७२७ विमान अडवण्यात आले. ब्रिटिश लष्करातील माजी अधिकारी सायमन मान हत्यारे घेण्यासाठी तिथे आला होता आणि विमानातून सुमारे सत्तर माणसे इक्वेटोरियल गिनी या तेलसमृद्ध देशाचे अध्यक्ष ओबियांग यांना हटवण्यासाठी निघाली होती. मानला २००८ मध्ये चौतीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी माफीही मिळाली. ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांचे चिरंजीव मार्क थॅचर यांनी दक्षिण आफ्रिकेत गुन्हा कबूल केला, तीस लाख रँड दंड भरला आणि तुरुंग टाळला. ही नावे जगभर छापून आली. विमानातल्या बहुतेकांची नावे मात्र कोणाला आठवत नाहीत. त्यांतले बरेच जण मूळचे अंगोलाचे होते. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना आपल्या एका पलटणीत वापरून घेतले होते आणि ती पलटण मोडल्यावर ते कालाहारी वाळवंटाच्या कडेला, बंद पडलेल्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीच्या पॉमफ्रेट नावाच्या गावात राहत होते. काम नव्हते. काँगोमधील खाणींवर पहारा करायचा आहे असे आपल्याला सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना झिम्बाब्वेच्या तुरुंगात वर्षाहून अधिक काळ काढावा लागला.

पॉमफ्रेटविषयी प्रथम वाचले तेव्हा मला आपल्याकडची माणसे आठवली. धान निघाले की आमच्या भागातून कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. ठेकेदार जीप पाठवतो, हातावर उचल ठेवतो आणि नेमके कुठल्या शेतावर जायचे हे तिथे गेल्यावर कळते. पहाटे चारला भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी मुले आपण सगळे पाहतो. वयोमर्यादा ओलांडल्यावर त्यांपैकी कोणाला परदेशात पहारेकऱ्याची नोकरी, तीही चांगल्या पगाराची, देऊ करणारा फोन आला तर तो मुलगा काय उत्तर देईल? हैतीचे अध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची ७ जुलै २०२१ रोजी हत्या झाली. तिच्यात पकडल्या गेलेल्या कोलंबियाच्या अनेक माजी सैनिकांच्या घरच्यांना सुरक्षारक्षकाचे काम एवढेच ठाऊक होते. आपल्या देशातील तरुणांना मदतनिसाची नोकरी सांगून रशियात नेले आणि युद्धाच्या आघाडीवर पाठवले, असा गुन्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४ मध्ये नोंदवला. युद्ध आणि खासगी कट या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे. पण माणसे गोळा करण्याची रीत तीच आहे.

म्हणून खेळावर बंदी घालण्याची मागणी मला चुकीची वाटते. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवर रात्रभर खलनायक रंगवणारा नट सकाळी आपल्या धानाच्या बांधीवर जातो, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. उलट या खेळात एक सोय आहे जी खऱ्या कटवाल्यांकडे कधीच नव्हती. ज्यांच्यावर हल्ला करायचा त्यांच्या वतीने बोलणारा कोणी तरी त्याच चटईवर बसलेला असतो. सूत्रधाराला जकातीच्या कारकुनाचा विचार करावाच लागतो. होअरच्या बैठकीत माहेच्या कर्मचाऱ्याच्या वतीने बोलणारा कोणी असता तर सोंगाचा कच्चेपणा तिथेच दिसला असता, असे मला वाटते.

तिसऱ्या रात्री मी मुलांना एवढीच विनंती केली की, त्यांनी खेळ होडीत बसण्याआधीपासून पुन्हा मांडावा, त्या बारा जणांना नावे द्यावीत आणि एका मुलाने त्यांच्यातला एक होऊन खेळावे. ज्याने मजुरी परत जमा केली होती त्यानेच ते पात्र घेतले. होडीत बसण्याआधी त्याने सरदाराला विचारले की, आम्ही कुठे चाललो आहोत, कोणाशी लढायचे आहे आणि आम्ही परतलो नाही तर आमच्या घरी कोण सांगणार. सरदाराला उत्तर देता आले नाही. बाराही जण किनाऱ्यावरच थांबले आणि खेळ वेगळ्याच वाटेने गेला.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की, परदेशातील अशा कटांच्या बातम्या छापताना पकडलेली माणसे कोणत्या भागातली होती आणि त्यांना काय सांगून नेले होते, हेही द्यावे. तसेच रोजगाराच्या पानावर ठळकपणे छापावे की, परदेशी नोकरीसाठी माणसे नेणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी असावी लागते आणि ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. आमच्या गावच्या वाचनालयात आपला अंक सकाळी आठला येतो आणि पहाटे धावून आलेली मुले तो सर्वांत आधी वाचतात.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर