वाड्यातली खडी गंमत

संपादक महोदय,

परवा नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीत, पंचवीस-तीस श्रोत्यांत बसून खडी गंमत, म्हणजे विदर्भातलं गाण्यांचं लोकनाट्य, ऐकली. माईक नव्हता. तुणतुण्याची तार, ढोलकीवरची बोटं, शाहिरानं श्वास कुठे घेतला तेसुद्धा कळत होतं! मोठ्या सभागृहात स्पीकरच्या आवाजात हेच हरवतं. नंतर दोघी आजींनी टिपऱ्यांवर भुलाबाईची गाणी म्हटली. माझी आई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज म्हणायची ती. डोळे भरून आले.

शहरातल्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ आपला छोटा हॉल या गाण्यांना द्यावा. मानधन आणि गाडीभाडं मात्र त्याच रात्री हातात द्या. भंडारा-गोंदियाकडच्या या कलावंतांना शेवटची एसटी गाठायची असते.

— एक श्रोता, नागपूर