वहीतली कोरी पाने भरणाऱ्या वहिनींना

आदरणीय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या कॉलेजातून १९७५ साली बी.एस्सी. झालेल्या आमच्या वर्गातील मुली आज सत्तरी ओलांडल्यावर एकमेकींच्या संपर्कात आहेत, याचे श्रेय आपले आहे. फोनवर हा विषय काढला की आपण ‘ह्यांची वही होती म्हणून झालं’ एवढे म्हणता आणि गुडघेदुखीची चौकशी सुरू करता. म्हणून हे आभार सर्वांना वाचता येतील असे लिहून मांडत आहे.

त्या वहीचे मोल मी जाणते. आपल्या यजमानांनी कॉलेज संपल्यापासून वर्गातील प्रत्येकाला तिच्यात एकेक पान दिले होते. कोणी रयत शिक्षण संस्थेत शिक्षक होऊन बदलीच्या गावी फिरत राहिले, कोणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, कोणी बँकेच्या नोकरीत मुंबई गाठली. एकाचे तर गावच कण्हेर धरणाच्या पाण्यात गेले आणि त्याचा पत्ता पुनर्वसनाच्या गावठाणाचा झाला. जुना पत्ता एका रेघेने खोडायचा, खाली नवा लिहायचा आणि दिवाळीला प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचे, हा त्यांचा नेम होता. ‘मालक गाव सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलेली कार्डेसुद्धा त्यांनी त्या त्या पानाला टाचून ठेवली होती. मुलींच्या पानांवर मात्र माहेरच्या पत्त्याखाली काहीच नव्हते.

याचा दोष मी त्यांना कधीही देणार नाही. आम्ही मुली पुढच्या बाकांवर बसत असू आणि तास संपला की लेडीज रूममध्ये व तिथून थेट एस.टी. स्टँडवर जात असू. मुलांशी बोलणे प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरते होई. पुढे लग्न झाले, आडनाव बदलले, आणि माझ्यासारख्या कितीजणींचे पहिले नावही तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून नवे ठेवले गेले. अशा मुलीला जुन्या नावाने शोधायचे कुठे? शोध लागला असता, तरी सासरी परक्या पुरुषाचे पत्र आल्यावर घरात काय काय प्रश्न उठले असते, याची आपल्या यजमानांना पुरती कल्पना होती. ती पाने त्यांनी सभ्यतेपोटी कोरी ठेवली, असे मी मानते, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

ते गेल्यानंतर वही बासनात बांधून ठेवली असती, तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता. आपण आमच्या वर्गातल्या नव्हतात, त्या कॉलेजातल्याही नव्हतात. तरीही आपण नेमकी तीच कोरी पाने हाती घेतलीत, आणि पुरुषाला जी विचारपूस करता आली नसती ती बाईमाणसाच्या सहजपणाने केलीत. हळदीकुंकवाला, लग्नकार्यात, गावच्या यात्रेत आपण आमच्या भावजयांना, मावश्यांना, जुन्या शेजारणींना गाठलेत. कोरेगावचे आमचे घर विकून कैक वर्षे झाली आहेत. शेजारच्या काकूंना माझे सासर आठवेना, पण धाकट्या बहिणीचे आठवले, आणि तेवढ्या धाग्यावरून आपण माझा नंबर मिळवलात.

तो पहिला फोन माझ्या कानात अजून आहे. आपण माझे माहेरचे पूर्ण नाव घेऊन ‘त्याच ना तुम्ही?’ असे विचारलेत, आणि मग ओळख दिलीत, ‘मी तुमच्या वर्गातल्यांची मंडळी बोलतेय.’ धाकटी बहीण मला ताई म्हणते. आई-वडील गेल्यावर माहेरच्या नावाने मला हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. माहुलीच्या संगमावरून निघालेली कृष्णा रोज सांगलीत येते, पुणे-मिरज मार्गावरची गाडी कोरेगावहून इथे येते, आणि आम्ही मैत्रिणी मात्र चार तासांच्या अंतरावर राहूनही एकमेकींना अनेक दशके दुरावलो होतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातील आमच्या घराचा तळमजला बुडाला. गाळ उपसताना कॉलेजचा ग्रुप फोटो हाती आला तो नुसता पांढरा लगदा होऊन. मी फोनवर ओघात हे बोलले असेन. काही दिवसांनी आपण तोच फोटो, आपल्याकडच्या प्रतीवरून नवा करून घेऊन, पाठीमागे प्रत्येकीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे आपल्या अक्षरात लिहून पाठवलात. तो आता वरच्या मजल्यावरील कपाटात आहे.

आपली पद्धतही मला मोलाची वाटते. एकीचा नंबर दुसरीला देण्याआधी आपण तिला विचारता. जिला आता ऐकू कमी येते, तिला आपण आजही पत्र लिहिता. आमच्यातील जी गेली, तिचे पान न फाडता तिच्या मुलीचा नंबर त्यावर लिहून ठेवता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुप्रभातचे संदेश पुष्कळ येतात, पण कोणाची शस्त्रक्रिया कधी आहे आणि सोबतीला कोण थांबणार आहे, हे आजही आपल्या वहीतच सापडते.

आता एक विनंती. सांगली, मिरज, तासगाव आणि विटा या भागातील पाने यापुढे माझ्याकडे सोपवावीत. दिवाळीनंतर मी साताऱ्याला येऊन ती उतरवून घेईन. अजून कोऱ्या असलेल्या पानांपैकी वडूजचे माहेर असलेल्या आमच्या मैत्रिणीची भावजय विट्यात राहते, असे परवा समजले. तिचा नंबर मिळाला आहे. रविवारी दुपारी फोन करते आणि लगेच आपल्याला कळवते.

आपली कृतज्ञ,
१९७५ च्या वर्गातील कोरेगावची मुलगी
गावभाग, सांगली